कोंबड्यांची नखं कापायचा वार

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी म्हण आहे. आमच्याकडे आल्या कोंबड्या, आणि त्या व्याह्यानं धाडल्या नव्हत्या, सासूबाई स्वतः घेऊन आल्या होत्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते. सासरे गेल्यावर आत्या शिरपूरकडच्या गावात एकट्याच राहत होत्या. एके दिवशी सकाळी चुलीपुढे चक्कर येऊन पडल्या, ते संध्याकाळी शेजारीण विरजण मागायला आली तेव्हाच कुणाला कळलं. नवरा आणि मी त्यांना आणायला गेलो. त्यांनी सुरतेला यायचं कबूल केलं, पण एक अट घातली. "जठे मन्या कोंबड्या, तठे मी," म्हणाल्या, आणि कोंबड्या न्यायचं डालगं बांधायला घेतलं.

मी सुरतेत वाढलेली. माझी अहिराणी सासरी आल्यावर जमली तेवढीच, पण या वाक्याचा अर्थ मला लगेच कळला. कोंबड्या नसतील तर ह्या नाहीत. बसमध्ये कंडक्टरनं कुरकूर केली. वाटेत एका कोंबडीनं अंडं दिलं, ते आत्यांनी त्याच्या हातावर ठेवलं, आणि मग सुरत येईपर्यंत तो काही बोलला नाही.

आम्ही लिंबायतमध्ये वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. खाली घरमालक. मालकांच्या मागच्या खिडकीला लागून कपडे धुवायची अरुंद जागा आहे, तळाला गुळगुळीत कोबा. जागा दोन्ही कुटुंबांची आहे, असं मालक म्हणतात. म्हणजे धुणं आमचं असलं की ती त्यांची, आणि झाडायची वेळ आली की आमची. तिथं कोंबड्या ठेवायला त्यांनी परवानगी दिली, कारण गावरान अंड्यांचं नाव निघालं होतं. आवाजाची तक्रार होण्याचा प्रश्नच नव्हता. पलीकडच्या गल्लीत कापड विणायचे लूम्स चोवीस तास खटखटतात, तिथं कोंबडीचा काय पाड.

खुराडं नवऱ्यानं बांधलं. तो लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कारागीर आहे, पण त्या आठवड्यात तो इंजिनिअर झाला. गावाकडे खुराड्यात भुसा किंवा वाळलं गवत घालतात. सुरतेत गवत मिळत नाही, पॉलिस्टर मात्र हवं तेवढं मिळतं. त्यानं खात्यातून वाया गेलेल्या धाग्यांचे गुंते आणि चिंध्या पोती भरून आणल्या आणि कोंबड्यांना गादी केली. बसायला दांडी हवी, म्हणून ज्यावर कापडाचा ताका गुंडाळतात त्या पुठ्ठ्याच्या जाड, पोकळ नळ्या आडव्या बसवल्या. "बघ, एक पैसा खर्च नाही," असं मला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी मी त्याला चहा करून दिला, निदान पिताना तरी गप्प बसेल म्हणून. लोक लग्नाला जे नेसून जातात त्यावर आमच्या कोंबड्या शिटत होत्या. आमच्या घरात तेवढं ऐश्वर्य दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

आत्या सकाळी एकदा खाली उतरायच्या आणि पालथ्या घातलेल्या टबवर बसायच्या. कोंबड्यांशी बोलायच्या, दाणे टाकायच्या. दुपारी जेवायला वर या म्हटलं की म्हणायच्या, इथंच दे. मी ताट घेऊन जिना उतरायची आणि मनात म्हणायची, बरोबर आहे, आम्हाला कुठे पिसं आहेत. चालायच्याही मोठ्या थाटात, एकेक पाऊल जपून, पाटलिणीसारख्या. मला वाटायचं, मुलाच्या घरी आल्याचा तोरा आहे.

दिवाळीनंतर कोंबड्यांची नखं वाढायला लागली. गावात त्या दिवसभर उकिरडा उकरत, त्यात नखं झिजत. इथं उकरायला होता कोबा, आणि बसायला रेशमासारखी गुळगुळीत नळी. नखं लांबली, मग वाकली, मग त्यांत धागे अडकायला लागले. तपकिरी कोंबडी तर पहिल्यांदाच उंच टाचेच्या चपला घातलेल्या नवरीसारखी चालायची, आणि तिच्या मागून गुलाबी धागा फरफटत यायचा.

"माती नही, तं नखं कशा झिजतीन?" आत्या रोज म्हणायच्या.

"मग कापू या ना," मी म्हणायची. माझ्याकडे हत्यार होतंच. मी घरी साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करते. त्याची छोटी कातरी असते, मुठीत मावणारी, दाबली की मिटते आणि सोडली की उघडते. दिवसभर तेच केल्यावर कोंबडीची चार नखं म्हणजे काय मोठं काम आहे?

पण काम नखांचं नव्हतंच, वाराचं होतं. आत्यांच्या हिशेबी सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार गुरूचा, शुक्रवार लक्ष्मीचा. रविवार सूर्यनारायणाचा. शनिवारचं तर नावच काढायचं नाही. शनिवारी नख कापलं तर घरातलं माणूस घराबाहेर जातं, हे त्या इतक्या शांतपणे सांगायच्या की जणू एस.टी.चं वेळापत्रक वाचून दाखवतायत. दिवेलागणीनंतर कुठलाच वार चालत नाही. उरला बुधवार. बुधवारी माझं साड्यांचं गाठोडं घ्यायला माणूस यायचा आणि मला मान वर करायला फुरसत नसायची. नवऱ्याच्या खात्याची सुट्टी मंगळवारी. म्हणजे कोंबडी धरायला माणूस असला की देवी आडवी यायची.

"आत्या, वार माणसांचे. कोंबडीचं काय?"

"कोंबडीले वार नही ऱ्हास का?" त्या म्हणाल्या. विषय संपला.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे मग किडे झाले. आधी अंडी कमी झाली. मग तुरे फिके पडले. मग संध्याकाळ झाली की कोंबड्या खुराड्यात जायलाच तयार होईनात, दारातच घोळका करून उभ्या राहायच्या. आत हात घातला की माझ्या मनगटावर काहीतरी सुरसुरायचं आणि दुसऱ्या दिवशी लाल पुरळ. किडे इतके बारीक की मोहरीही त्यांच्यापुढे टरबूज. आत्या त्यांना पिसवा म्हणायच्या, कीटकनाशकाच्या दुकानदारानं गोचीड म्हटलं, नवऱ्यानं मोबाइलवर बघून तिसरंच काही सांगितलं. नाव कुठलंही असो, रक्त आमच्या कोंबड्यांचं जात होतं.

मग उपचार सुरू झाले. आत्यांनी कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं कोंबड्यांना आंघोळ घातली. हिवाळ्यात ओल्या कोंबड्या कुडकुडताना पाहून मी त्यांना माझ्या जुन्या ओढण्यांत गुंडाळून उन्हात बसवलं. नवऱ्यानं तंबाखूचं पाणी केलं. त्यानं कोंबड्यांना काही झालं नाही, त्यालाच शिंका आल्या. दुकानदारानं दिलेली गुरांची पावडर पंखांखाली चोळली. पायाची खवलं उचलली होती, तिथं खोबरेल लावलं. प्रत्येक उपचारानंतर कोंबडी एक दिवस टवटवीत दिसायची, रात्री नळीवर जाऊन बसायची, आणि सकाळी पुन्हा मान टाकलेली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण शाळेत पाठ केली होती. ती आमच्या मोरीशेजारी रोज चालू आहे हे मात्र डोक्यात आलं नाही.

तेवढ्यात घरमालक उगवले. मालक मूळचे चोपड्याकडचे, सुरतेत त्यांचं आयुष्य गेलं. अंडी हवी असली की मराठीत बोलतात आणि रागावले की गुजरातीत, म्हणजे रागाला वजन येतं. त्या दिवशी शर्टाची बाही वर करून आले. दंडावर, मानेवर लाल पुरळ. मालकीणबाईंनाही तसंच, म्हणे झोपच नाही.

"रविवार सुधी आ बधुं काढी नाखो," खुराड्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "नहीं तो रूम खाली करो."

म्हणजे रविवारपर्यंत खुराडं काढा, नाहीतर घर सोडा. त्यांची खिडकी खुराड्याला लागून, त्यामुळे दोष आमचाच ठरत होता. नवरा मान हलवत राहिला. माणूस लूमपुढे इतकी वर्षं उभा राहिला की कुणी काही बोललं तरी मान हलवतो, ऐकू आलेलं असो वा नसो. रात्रपाळीला निघताना तो मला म्हणाला, कोंबड्या देऊन टाकू, आईला समजावू. मी म्हटलं, समजवा. सकाळी उठून पाहिलं तर आत्यांनी त्यांची कापडी पिशवी भरून दाराशी ठेवली होती. वर लुगडं, लुगड्यावर सासऱ्यांचा फोटो. "मालक काय म्हनस ते मी आयकं," एवढंच बोलल्या आणि रोजच्यासारख्या कोंबड्यांकडे जायला जिना उतरू लागल्या, एकेक पायरी, कठड्याला धरून.

मला राग आला. खरं सांगायचं तर त्या रागाच्या खाली भीती होती. गावातलं ते घर मी पाहिलं होतं. ती चूल पाहिली होती, जिच्यापुढे त्या दिवसभर पडून होत्या. पुढच्या वेळी शेजारणीला विरजण नको असलं तर? मला आत्या इथंच हव्या होत्या. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. बोललं असतं तर नवऱ्यानं डोळे पुसले असते, आणि मला ते सहन होत नाही.

मी तडक खाली गेले. खुराड्याखाली घाण पडायला म्हणून ग्रे कापडाचा पांढरा तुकडा अंथरलेला असायचा. ग्रे म्हणजे न रंगवलेलं कापड. नाव ग्रे आणि रंग पांढरा, सुरतेत याचं कुणाला काही वाटत नाही. मी कोंबड्यांना बाहेर हाकललं, नवऱ्याची ती मौल्यवान नळी उपसून काढली, आणि त्या माणसाच्या इंजिनिअरिंगला मनसोक्त शिव्या घालत जोरात त्या कापडावर आपटली.

नळीच्या तोंडातून धूळ सांडली. मी बघत राहिले. धूळ चालायला लागली.

पांढऱ्या कापडावर लाल-करडे ठिपके चहूकडे पळत होते, रक्त पिऊन टम्म झालेले. मी दुसरी नळी आपटली. तिच्यातही तेच. दिवसभर हे सगळे नळीच्या पोकळीत मुक्काम करत होते आणि रात्री वर बसलेल्या कोंबड्यांकडे जेवायला निघत होते. आम्ही कोंबड्यांना आंघोळी घालत होतो आणि किडे आत सुखानं संसार करत होते. माझ्या संतापानं आजवर केलेलं हे एकच उपयोगी काम.

नवरा रात्रपाळी करून नुकताच आला होता. मी त्याला बोलावून कापड दाखवलं. तो बराच वेळ वाकून पाहत राहिला. मग त्याचा चेहरा पडला. मला वाटलं, खुराड्याचं दुःख झालं.

"मालकले दिन्ही व्हती मी एक नळी," तो आईकडे बघत पुटपुटला. "मच्छरदाणीले."

झालं होतं असं की दिवाळीनंतर नवऱ्यानं खुराड्यात नव्या नळ्या घातल्या होत्या. जुन्यांतली एक चांगली टणक होती. मालकांनीच ती मागितली, पलंगाला मच्छरदाणी बांधायला. यानं फडक्यानं पुसून दिली. बाहेरून पुसली, आतून कोण पुसतं? म्हणजे मालक डासांपासून वाचायला जाळीत शिरत होते आणि उशाशी आमच्या कोंबड्यांचे पाहुणे घेऊन झोपत होते. फुकट ते पौष्टिक असं त्यांनाही वाटलं असणार.

मी ते पांढरं कापड झटकून हातात घेतलं आणि मालकांचं दार वाजवलं. नवरा नको नको म्हणत होता. मी मालकांना म्हटलं, काका, पलंगाची नळी एकदा काढून द्या. त्यांच्याच ओट्यावर कापड अंथरलं आणि नळी आपटली. मालकीणबाई आधी ओरडल्या आणि मग मालकांकडे बघायला लागल्या. मालकांनी दंडावरचं पुरळ बाहीनं झाकलं. शेवटी नळी पायानं दूर सारत म्हणाले, "रॉकेल टाका यावर." मराठीत म्हणाले. मी ओळखलं, रविवार टळला.

पुढचं काम मेहनतीचं होतं, पण सरळ होतं. नळ्या, धागे, चिंध्या, सगळं जाळलं. पॉलिस्टरचा तो वास अजून माझ्या नाकात आहे. खुराड्याच्या फटीफटीत उकळतं पाणी ओतलं, सांध्यांना रॉकेल चोपडलं, सुकू दिलं आणि आठवड्यानं पुन्हा सगळं तसंच केलं, कारण आधी घातलेली अंडी फुटून नवी फौज निघते. बसायला नवऱ्यानं कडोदऱ्याच्या रस्त्यावरून बाभळीची खरबरीत फांदी आणली. त्या कामासाठी मी त्याला इंजिनिअर म्हटलं नाही, तरी तो खुश होता. गल्लीतल्या पावाच्या भट्टीतून लाकडाची राख आणली आणि मोठ्या टबात माती मिसळून ठेवली. कोंबड्या त्यात लोळायला लागल्या तेव्हा आत्या पहिल्यांदा हसल्या.

आणि बुधवारी नखं कापली. गाठोडंवाल्या माणसाला मी संध्याकाळी या म्हणून सांगितलं. आत्यांनी कोंबडी लुगड्याच्या पदरात गुंडाळून मांडीवर धरायची आणि एक पाय बाहेर काढायचा. नख उन्हाकडे धरलं की आतली रक्ताची शीर गुलाबी दिसते. तिच्या अलीकडे थांबायचं, फक्त टोक कापायचं, थोडं थोडं. एका काळ्या नखात शीर दिसली नाही आणि रक्त आलं. आत्यांनी चिमूटभर हळद दाबून धरली, कोंबडीच्या कानाशी काहीतरी बोलल्या, आणि रक्त थांबलं. साडीचा धागा चुकला तर मला शेठचं बोलणं खावं लागतं. कोंबडीनं फक्त माझ्या अंगठ्याला चोच मारली.

सगळं सुरळीत झालं. तुरे पुन्हा लाल झाले, अंडी यायला लागली, मालकांच्या घरीही जायला लागली. पिशवी मात्र दाराशी तशीच होती. मी दोनदा आत नेऊन ठेवली, दोनदा ती परत दाराशी आली.

मग एका शनिवारी सकाळी आत्या म्हणाल्या, "तुमी ठेवा कोंबड्या. मी जास गावले."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ज्या कोंबड्यांसाठी मी मालकांच्या ओट्यावर किडे नाचवले, त्या आता आम्हीच ठेवायच्या आणि ह्या निघाल्या. मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं, पायरीवर बसल्या आणि चप्पल पायात सरकवायला लागल्या. ती जाईना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग ओठ घट्ट मिटून तिसऱ्यांदा. मी खाली वाकून चप्पल धरली, आणि मग त्यांचा पाय पाहिला.

अंगठ्याचं नख जाड होऊन वाकलं होतं आणि कडेनं मांसात शिरलं होतं. कड सुजून लाल झाली होती. बाकीची नखंही वळून बोटांखाली गेलेली. गावात अनवाणी शेतातून, मातीतून चालणं व्हायचं, दगडावर टाच घासणं व्हायचं. इथं फरशी, जिना आणि पालथा टब. त्यांना वाकता येत नव्हतं आणि डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. म्हणून जेवण खाली, म्हणून कठडा, म्हणून ती पाटलिणीची चाल.

"हे कधीपासून आहे, आत्या?"

"काही नही व्हयनं मन्हा पायले," त्या म्हणाल्या आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतला. मग माझ्याकडे न बघता, "तुले किती कामं ऱ्हातस," एवढंच म्हणाल्या. पिशवी कशासाठी भरलेली होती ते मला तेव्हा कळलं.

घरात कोंबड्यांच्या नखांवर आम्ही सगळे इतके बोललो होतो. रोज. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. मी आत जाऊन कोमट पाण्याची बादली आणली, त्यात त्यांचा पाय ठेवला, बराच वेळ भिजू दिला. मग कातरी गरम पाण्यानं धुतली, त्यांची ती पिशवी पुढे ओढली आणि तिच्यावर त्यांचा पाय ठेवला. आतला सासऱ्यांचा फोटो आधी काढून बाजूला उभा केला. थोडं थोडं कापलं. मांसात शिरलेल्या कडेला मी हात लावला नाही, सोमवारी दवाखान्यात न्यायचं ठरवलं. आत्यांनी माझा खांदा धरला होता.

एक पाय झाला. मी कातरी पुसली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज शनिवार आहे, नख कापलं तर घरातलं माणूस बाहेर जातं तो वार, आणि हे त्यांनाही माहीत आहे, कारण त्यांना वार कधी कुणी सांगावा लागत नाही. मी हात थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

आत्यांनी दुसरा पाय पुढे केला.